वीज आली की लिंक बसते: फ्रेम रिले आणि एटीएमच्या सांध्यावरचा एक चिवट बिघाड

तक्रार ठरलेली असायची. विट्याच्या शाखेची वीज जायची, दोन-तीन तासांनी परत यायची, राऊटर चालू व्हायचा, लिंकचा दिवा हिरवा व्हायचा. आणि पाऊण तासात सांगलीच्या मुख्य कार्यालयात फोन वाजायचा. "साहेब, दिवा हिरवाच हाय, पण काम पुढं सरकंना." मग आम्ही सांगायचो, राऊटर बंद करून चालू करा. ते करायचे आणि थोड्या वेळाने सगळं सुरळीत व्हायचं. पुढच्या भारनियमनाला पुन्हा तेच.

२००० नंतरच्या दशकातली गोष्ट आहे. एका सहकारी संस्थेचं नेटवर्क माझ्याकडे होतं. विटा, जत, आटपाडी, कवठे महांकाळ, शिराळा अशा शाखांना प्रत्येकी ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट) फ्रेम रिले लाइन होती, म्हणजे लहान-मोठ्या फ्रेममध्ये बांधून माहिती नेणारी, आणि सांगलीत सगळ्यांसाठी मिळून ई-वनवर (२ एमबीपीएसच्या लाइनवर) एटीएमचं एकच जोडणं. मधे लाइन देणाऱ्या कंपनीचं जाळं. फ्रेमचे सेल आणि सेलची फ्रेम करण्याचं काम त्यांच्या स्विचमध्ये व्हायचं, एफआरएफ.८ नावाच्या करारनाम्याप्रमाणे. आजही जुने राऊटर जोडून कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा सांधा बसवणारी मुलं मला हाच प्रश्न विचारतात: सगळं अप दिसतंय, मग चालत का नाही? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

एक खुलासा आधीच. इथलं एटीएम म्हणजे पैसे काढायचं यंत्र नव्हे. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांनी बिलावर 'एटीएम पोर्ट' वाचून "मग आमच्या शाखेत कधी बसवताय?" असं वर्षभर विचारलं होतं. हे एटीएम म्हणजे ५३ बाइटांच्या एकसारख्या सेलमधून माहिती नेणारी पद्धत. त्यातले ५ बाइट पत्ता आणि ४८ बाइट माल. ४८ हा विचित्र आकडा १९८९ साली ठरला. युरोपवाल्यांना ३२ हवे होते, अमेरिकेला ६४, शेवटी दोघांच्या मधला आकडा घेतला. त्या तडजोडीचा हिशोब पुढे विट्याच्या शाखेला चुकता करावा लागला.

आधी साध्या गोष्टी. लिंक कधीच चालली नसेल, पहिल्या दिवसापासून पिंगही (चाचणीचं पॅकेटही) जात नसेल, तर खालचं सगळं वाचायची गरज नाही. दहातल्या आठ वेळा शाखेच्या राऊटरवर एनकॅप्सुलेशन, म्हणजे फ्रेम बांधायची पद्धत, चुकलेलं असतं. सिस्कोच्या राऊटरवर नुसतं 'एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले' लिहिलं की तो स्वतःच्या घरच्या पद्धतीने फ्रेम बांधतो. दोन्ही टोकांना फ्रेम रिले आणि सिस्को असेल तर ते खपतं. इथे मधे भाषांतर करणारा स्विच आहे आणि त्याला आयईटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचीच भाषा कळते. गंमत म्हणजे एलएमआय (लाइनच्या स्थितीचा निरोप) तरीही अप राहतो आणि पीव्हीसी (दोन टोकांमधली कायमची जोडणी) 'ॲक्टिव्ह' दिसतो, कारण तो निरोप शाखा आणि स्विच यांच्यातला असतो. फ्रेमच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शाखेकडे एवढं हवं:

इंटरफेस सीरियल ०/०
एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले आयईटीएफ
इंटरफेस सीरियल ०/०.१ पॉइंट-टू-पॉइंट
फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १००

आणि सांगलीकडे:

इंटरफेस एटीएम १/०.१० पॉइंट-टू-पॉइंट
पीव्हीसी ०/५०
एनकॅप्सुलेशन एएएल५स्नॅप

शाखेचा डीएलसीआय (फ्रेम रिलेवरचा पीव्हीसीचा क्रमांक) १०० आणि इकडचा ०/५० (एटीएमवरचा क्रमांक, त्यातला ५० म्हणजे व्हीसीआय) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जोडी स्विचमध्ये लावलेली असते, म्हणून दोन्ही आकडे लाइनवाल्यांकडून लेखी घ्या. व्हीसीआय ३२ च्या खाली मागू नका, ते राखीव असतात. पीव्हीसी 'डिलीटेड' दिसला तर डीएलसीआयचा आकडाच चुकलाय. 'इनॲक्टिव्ह' दिसला तर तुमची बाजू ठीक आहे, पलीकडे बघा.

प्रयोगशाळेत भाषांतराचं काम स्वतःच्याच राऊटरकडून करून घेत असाल तर आणखी तीन गोष्टी लागतात. सर्वात वर 'फ्रेम-रिले स्विचिंग', एटीएमच्या पीव्हीसीवर 'एएएल५मक्स एफआर-एटीएम-एसआरव्ही', आणि दोघांना बांधणारी 'कनेक्ट' ओळ, जिच्या शेवटी 'सर्व्हिस-इंटरवर्किंग' असतं. ही शेवटची ओळ विसरून दिवसभर केबल बदलत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता विट्याकडे. तिथे वरचं सगळं बरोबर होतं. लिंक महिनोन् महिने चालायची. बिघडायची ती वीज जाऊन आल्यावरच.

साहजिकच संशय विजेवर गेला. यूपीएस बदलला. अर्थिंगचा खड्डा पुन्हा खणून मीठ-कोळसा भरला. शाखेतले मामा रोज सकाळी त्यात इमानाने बादलीभर पाणी ओतायचे. मोडेम बदलला. लाइनवाल्यांनी लूप लावून तासभर लाइन तपासली, एकही बिट चुकला नाही. "लाइन क्लीन आहे," म्हणाले, आणि खरंच होती. मी सांगलीहून १५०० बाइटांचे शंभर पिंग मारले, शंभरच्या शंभर परत आले. तेव्हा मी लाइनवाल्यांच्या बाजूने बोलू लागलो आणि शाखेतल्या लोकांवर चिडू लागलो. ती चिडचिड चुकीची होती, ते पुढे येईलच.

धागा सापडला तो सांगलीच्या राऊटरवर. 'शो इंटरफेस एटीएम' मध्ये इनपुट एरर्सच्या ओळीत सीआरसीचा (पॅकेट तपासायच्या बेरजेतल्या चुकांचा) आकडा वाढत होता, पण सतत नाही. शाखा बंद पडल्याची तक्रार असायची त्याच अर्ध्या तासात तो धावायचा, बाकी दिवसभर गप्प. आमच्या पिढीला सीरियल लाइनवर शिकवलेला धडा असा की सीआरसी वाढला म्हणजे तार खराब, जोड ढिला किंवा जवळून विजेची तार गेलीय. एटीएमवर तो धडा जसाच्या तसा चालत नाही. इथला सीआरसी एएएल५चा (पॅकेटचे सेल करणाऱ्या थराचा), म्हणजे संपूर्ण पॅकेटचा असतो. एका पॅकेटचे ३२ सेल निघाले आणि वाटेत कोणीतरी त्यातला एक सेल मुद्दाम टाकून दिला, तरी पलीकडे पॅकेट जोडताना बेरीज जुळत नाही आणि सगळंच्या सगळं फेकावं लागतं. टाकलेला सेल शेवटचा असेल तर आणखी गोंधळ, कारण पॅकेट संपल्याची खूण त्याच्यावरच असते. मग दोन पॅकेटं एकमेकांना चिकटतात आणि दोन्ही जातात. म्हणजे तार निर्दोष असूनही सीआरसी वाढू शकतो. फक्त वाटेत कोणीतरी सेल टाकत असला पाहिजे.

कोण टाकत होतं? मी लाइनवाल्यांच्या इंजिनिअरकडून विट्याच्या पीव्हीसीचा करार मागवला. त्यात फ्रेम रिलेच्या रकान्यात ६४ केबीपीएस, एटीएमच्या रकान्यातही ६४ केबीपीएस. दोन्ही टोकांना सारखा आकडा. कागदावर किती नीटनेटकं दिसतं!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यवहार पाहिलेल्याला इथली चूक लगेच कळेल. हळद पोत्यासकट काट्यावर चढते, मग बारदानाचं वजन वजा होतं आणि उरलेल्या मालाचे पैसे होतात. एका टोकाला निव्वळ वजन धरलं आणि दुसऱ्या टोकाला बारदानासकट, तर तेवढाच माल दोन काट्यांवर दोन वजनांचा भरणार. फ्रेम रिलेचं बारदान हलकं असतं. एटीएमचं जड, आणि वर नियम असा की पोती सगळी एकाच मापाची. मूठभर माल जास्त झाला तरी दुसरं पोतं घ्यायचं आणि त्यात भुस्सा भरून पुरं करायचं.

आकड्यात मांडू. १५०० बाइटांचं आयपी पॅकेट फ्रेम रिलेवर १५०७ बाइटांचं होतं: २ पत्त्याचे, २ ओळखीचे, २ तपासणीचे, १ झेंड्याचा. ६४ केबीपीएसच्या लाइनवर अशी सेकंदाला ५.३ पॅकेटं मावतात. तेच पॅकेट एटीएमवर जाताना स्नॅपचे (आत काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठीचे) ८ आणि एएएल५च्या शेपटीचे ८ घेऊन १५१६ बाइटांचं होतं. ४८ ने भागलं की ३१ पूर्णांक काहीतरी, म्हणजे ३२ सेल. ५.३ गुणिले ३२, सेकंदाला साधारण १७० सेल. प्रत्येक सेल ५३ बाइटांचा, म्हणजे ४२४ बिट. गुणाकार केला की ७२ केबीपीएस.

आणि करारात ६४. सेलांत मोजलं तर सेकंदाला १५१.

शाखा पूर्ण वेगाने मोठी फाइल पाठवते तेव्हा सेकंदाला १७० सेल येऊन थडकतात. स्विचवरचा पोलिस (करारापेक्षा जास्त आलेले सेल टाकणारी यंत्रणा) १५१ सोडतो आणि १९ टाकतो. ऐकायला नुकसान अकरा टक्क्यांचं. पण टाकलेले १९ सेल एकाच पॅकेटचे नसतात, सगळ्यांत विखुरलेले असतात. ३२ सेलांच्या प्रत्येक पॅकेटमधून सरासरी तीन-चार सेल गेले, म्हणजे धड पॅकेट जवळजवळ एकही पोचत नाही. अकरा टक्के सेल गेले आणि काम शंभर टक्के थांबलं. पाठवणारा पुन्हा पाठवतो, ते पुन्हा मोडतं.

छोट्या पॅकेटांची गत आणखी वाईट. नुसती पोच देणारं टीसीपी पॅकेट ४० बाइटांचं. त्यात १६ मिळवले की ५६, म्हणजे दोन सेल, म्हणजे १०६ बाइट. फ्रेम रिलेवर तेच ४७ बाइटांत मावतं. ६४ केबीपीएसची लाइन नुसत्या अशा पॅकेटांनी भरली तर एटीएमकडे १४४ केबीपीएस लागतील. स्नॅप न वापरता शुद्ध व्हीसी-मक्स असतं तर ४० आणि ८ मिळून नेमके ४८, एकच सेल. इतका अचूक बसणारा हिशोब पाहून जीव हळहळतो, पण मधे भाषांतर असताना ती सोय नाही.

मग वीज आणि या सगळ्याचा काय संबंध? काहीच नाही, आणि तरीही पूर्ण. वीज नसताना शाखा बॅटरीवर एक संगणक चालवायची आणि नोंदी स्थानिक यंत्रात साठवायची. वीज आली की साठलेल्या नोंदींची भली मोठी फाइल एका दमात सांगलीला सुटायची. लाइन पूर्ण भरायची ती तेवढ्याच वेळी. एरवी एक-एक व्हाऊचर जायचं आणि १५१ सेलांच्या आत आरामात मावायचं. राऊटर बंद-चालू केला की फाइलचं कनेक्शन तुटायचं, शाखेतले लोक कंटाळून नोंदी एकेक करून टाकायचे आणि आम्ही म्हणायचो, बघा, रीस्टार्टने झालं.

माझे शंभर पिंग का पास झाले, तेही इथेच कळतं. राऊटरचा पिंग एक पॅकेट पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. १५०० बाइटांचं पॅकेट ६४ च्या लाइनवरून एका बाजूला जायला १८८ मिलिसेकंद, परत यायला तेवढेच. म्हणजे प्रत्येक दिशेला लाइन निम्मा वेळ रिकामी. सेकंदाला जेमतेम ८४ सेल होतात, पोलिस हातही लावत नाही. लाइन खरंच तपासायची असेल तर शाखेच्या राऊटरवर तीन टेलनेट (दुरून राऊटरवर शिरायच्या खिडक्या) उघडून तिन्हीकडून एकाच वेळी १५०० चे पिंग सोडा. आम्ही तसं केलं तेव्हा दुपारी तीन वाजता, वीज व्यवस्थित असताना, भर कामात लिंक बसली. इतका आनंद मला लिंक चालू झाल्यावरही कधी झाला नव्हता.

उपाय दोन टप्प्यांत केला. करार बदलायला लाइनवाल्यांना वेळ लागणार होता, तोवर शाखेच्या राऊटरला लगाम घातला. मुख्य सीरियल इंटरफेसवर 'फ्रेम-रिले ट्रॅफिक-शेपिंग', आणि मॅप-क्लास (नियमांचा संच) करून सीआयआर, म्हणजे सोडायचा वेग, ५६०००. ५६ का? मोठ्या पॅकेटांचे सेकंदाला १४८ ते १४९ सेल होतात आणि १५१ च्या खाली राहतात. योगायोग असा की सिस्कोवर मॅप-क्लास न जोडता नुसतं शेपिंग चालू केलं तरी राऊटर ५६००० हाच आकडा धरतो. तुमच्याकडे मोठी लाइन असेल तर हाच योगायोग तुमचा गळा आवळेल. ५१२ ची लाइन ५६ ने चालतेय अशी तक्रार आली की आधी हे बघा.

फाइल गेली. शाखेतून फोन आला, "साहेब, आज पैल्यांदाच चहा गरम असताना काम संपलं." आम्ही पेढे मागवले.

दोन आठवड्यांनी वीज गेली, आली, आणि लिंक पुन्हा बसली.

मी सगळे हिशोब पुन्हा तपासले, सगळे बरोबर. मग शाखेच्या राऊटरवर 'शो रन' मारलं तर शेपिंगची ओळच नाही. बदल मी सांगलीहून टेलनेटने केला होता आणि 'राईट मेमरी' (बदल कायमचा साठवायची आज्ञा) द्यायचं विसरलो होतो. पेढ्यांच्या गडबडीत असेल. वीज गेली तशी माझी दुरुस्तीही गेली. तेव्हापासून मी बदल केल्यावर 'शो रन' (चालू मांडणी) पाहत नाही, 'शो स्टार्टअप' (साठवलेली मांडणी) पाहतो.

पक्का उपाय करारात होता. लाइनवाल्यांना किलोबिटांत न बोलता सेल प्रति सेकंदात लिहून दिलं: सरासरी दर १८९ सेल, म्हणजे ८० केबीपीएस, कमाल दर ३४० सेल, म्हणजे १४४, आणि एमबीएस (एका दमात सोडता येणारे सेल) किमान ३२. एमबीएस त्याखाली असेल तर स्विचने एका दमात सोडलेलं १५०० चं एक पॅकेटसुद्धा अखंड जाण्याची खात्री नाही. सांगलीच्या राऊटरवर पीव्हीसीखाली 'व्हीबीआर-एनआरटी १४४ ७२ ३२' (कमाल दर, सरासरी दर, एमबीएस) घातलं. इकडून तिकडे जाताना अडचण उलटी असते. आपण एटीएमवर सैल सोडलं तर फ्रेम रिलेची ६४ ची अरुंद गल्ली तुंबते आणि स्विच फ्रेम टाकतो. म्हणून इकडे ७२ वर थांबलो, मोठ्या पॅकेटांना तेवढंच लागतं. इंजिनिअर आधी म्हणाला, "दादा, ६४ च्या लाइनला ८० कसे देऊ? बिल कोण भरणार?" त्याला बारदानाचा हिशोब वहीवर मांडून दाखवला. तो तासगावचा, बेदाण्याच्या सौद्यांत वाढलेला. पाच मिनिटांत पटलं.

या निमित्ताने आणखी एक दोष हाती लागला. एकदा रस्ता खणताना शिराळ्याच्या शाखेची केबल तुटली. शाखेने आयएसडीएनवरून (डिजिटल टेलिफोन लाइनवरून) सांगलीला फोन लावला, जोडणंही झालं, पण काम होईना. सांगलीचा राऊटर उत्तरं अजून एटीएमच्याच रस्त्याने पाठवत होता. त्याच्या दृष्टीने एटीएमचा सब-इंटरफेस अप होता, कारण सांगली ते स्विच हा तुकडा धडधाकट होता. फ्रेम रिलेकडे एलएमआय असतो, तो मेलेल्या पीव्हीसीची बातमी देतो. एटीएमकडे ती बातमी ओएएम (देखरेखीच्या) सेलमधून येते आणि ऐकायला सांगितल्याशिवाय राऊटर त्यावरून सब-इंटरफेस पाडत नाही. प्रत्येक पीव्हीसीखाली 'ओएएम-पीव्हीसी मॅनेज' ही एक ओळ घाला. फ्रेम रिलेची बाजू पडली की स्विच एटीएमकडे एआयएसचे (बिघाडाची सूचना देणारे) सेल पाठवतो, सब-इंटरफेस खाली जातो आणि रूट बदलतो. केबल ओढून एकदा तपासून घ्या, कागदावर विसंबू नका.

शेवटचं ओएसपीएफवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचे राऊटर त्या पद्धतीने एकमेकांना रस्ते कळवतात त्यांच्यासाठी. शेजारचा राऊटर 'एक्सस्टार्ट' या ओळखीच्या टप्प्यात अडकून बसला असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघा. सिस्कोच्या एटीएम इंटरफेसचा एमटीयू न सांगता ४४७० असतो आणि सीरियलचा १५००. शाखा म्हणते, एवढं मोठं मला झेपणार नाही, आणि पुढे बोलणंच होत नाही. सांगलीकडच्या सब-इंटरफेसवर 'आयपी एमटीयू १५००' घाला. 'एमटीयू-इग्नोअर' नेही शेजार जुळतो, पण मग इकडून निघालेलं १५०० पेक्षा मोठं पॅकेट अरुंद बाजूला अडकतं आणि तो बिघाड शोधायला आणखी एक रविवार जातो. आणि हो, बदल केल्यावर 'राईट मेमरी'.